ताटलीतला गूळ

"सकाळचं इंजेक्शन दिलं होतंत ना, मॅडम?" असं शमिकानं फोनवर विचारलं आणि मी उघडलेलं तोंड तसंच राहिलं. दिलं होतं, असंच म्हणायचं होतं. पण शब्द ओठांवर यायच्या आत वाटलं, आपण हे आठवून बोलतोय की सवयीनं? तिकडे शमिका घाईघाईनं सांगत होती, की खारीची साखर इतकी चढलीय की मशीन आकडाच दाखवत नाही, दुपारपासून ती नुसती पाणी पितेय आणि पडवी भिजवतेय. "आईंना विचारलं, खायला काही दिलंत का? तर म्हणतात, काही नाही दिलं. मग सकाळचा डोस राहिला असेल का? राहिला असेल तर आता थोडा वाढवून देऊ? मी भात घातलाय तिला. तिचं खाऊन होईपर्यंत सांगा." मी म्हटलं, आठवून लगेच फोन करते. माझी शाळेतली पोरं म्हणतात तसं, अगदी त्याच पडलेल्या आवाजात. गृहपाठ केलाय बाई, वही घरी राहिली.

फोन ठेवला तेव्हा मी फ्रिजचं दार उघडून उभी होते. म्हणजे फोन यायच्या आधीच उघडलेलं असणार. संध्याकाळची ही वेळ झाली की माझे पाय आपोआप इथे येतात, हात दाराच्या वरच्या कप्प्यात जातो, बाटली काढून तळव्यांमध्ये फिरवतो. आज कप्पा रिकामा होता. बाटली खारीबरोबर गेली, सिरिंजा गेल्या, मशीन गेलं, खारीही गेली. दुपारी मीच तिला देवरुखाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीत, शमिकाच्या घरी, तिच्या सासूजवळ सोडून आले. आणि तरी मी फ्रिजपुढे उभी. अशा बाईच्या स्मरणावर एका आंधळ्या कुत्रीचा जीव ठेवायचा म्हणजे कठीणच. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: साखर वाढली तर उपाय करायला दिवस मिळतात, एकदम उतरली तर मिनिटंसुद्धा मिळत नाहीत, तेव्हा डोस दुप्पट कधीही करायचा नाही. मी दिलेला असेल आणि शमिकानं माझ्या शब्दावर वाढवून दिला, तर खारी त्या परक्या पडवीत झटके येऊन जाईल. दिलेलाच नसेल, किंवा बाटलीच वाटेत उन्हानं नासली असेल, तर शमिका रोज पाणी टोचत राहील आणि साखर तिला आतून खात राहील. विचार कर, आम्रपाली, विचार कर, असं मी मोठ्यांदा म्हटलं. एरवी ते ऐकून खारी कान टवकारायची.

सकाळ मी आठवू पाहिली. उठले, चहा ठेवला. भात, त्यात उकडलेली मासळी, काटे काढून. खारी खात होती, तिच्या थाळीचा फरशीवर होणारा कर्रकर्र आवाज मला नीट आठवतो. मग तिच्या मानेमागची कातडी चिमटीत धरली, सुई आडवी घातली. हेही आठवतं, बोटांना आठवतं. पण ती चिमूट आजची कशावरून? खारीला मी ऑगस्टपासून टोचतेय. त्याच्याआधी आईला टोचायचे, पोटाच्या त्या सैल, पांढरट पडलेल्या वळीत. आईला सुई कळायचीच नाही. टोचून, बाटली जागेवर ठेवून, मी चहाला बसले की ती विचारायची, "टोचलंस काय गो?" मी म्हणायचे, टोचलं. "कदी?" तिचा हा प्रश्न मला असा काही खटकायचा! हातातलं काम टाकून मी तिच्यावर ओरडायचे, की आई, आता टोचलं, आत्ता, तुझ्यादेखत. ती पदरानं तोंड पुसून हसायची. आज लक्षात येतं की ती वेंधळी नव्हती, रोज दोनदा माझ्याकडून हजेरी घ्यायची. खारी काही विचारत नाही. टोचलं की अंग झटकते आणि पाण्याकडे जाते.

खारी मला भाट्याला सापडली. आई मागच्या जुलैत गेली आणि त्यानंतर शाळा सुटली की घरी जायचं काय, हेच मला कळेना. म्हणून मी रिक्षा करून भाट्याच्या पुळणीवर जाऊन बसायचे. समुद्राकडे बघत वगैरे नाही, तसलं काही मला जमत नाही. नुसती पिशवी मांडीवर घेऊन. तिथे वरच्या बाजूला एक गळका नळ होता आणि त्याच्याखाली ही कुत्री रोज उभी असायची. थेंब पडला की चाटायची, पुढच्या थेंबाची वाट बघायची. खारी बिस्किटासारखा रंग, बरगड्या वर आलेल्या, डोळ्यांत दुधाळ पांढरं. तिला कोणी हटकलं तरी हलायची नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी तिच्यापुढे भेळेच्या द्रोणात पाणी धरलं, ते संपलं, पुन्हा धरलं, तेही संपलं. ही तहान मी ओळखत होते. ही तहान दोन वर्षं माझ्या घरात, माझ्या शेजारच्या कॉटवर झोपत होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हिला साखर आहे," तेव्हा दवाखान्यात सगळ्यांसमोर मला हसू फुटलं. डॉक्टरांना वाटलं बाईंना धक्का बसला. इन्शुलिन घरात होतंच, फ्रिजच्या दारात, आईचं उरलेलं. डॉक्टर म्हणाले, हेच चालेल, डोस फक्त निराळा.

मग लोक बोलले. लोकांना काय, बोलायला जागा मिळाली की झालं. स्टाफरूममध्ये एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुमची आईच हो परत आली." मला इतका संताप आला! आमच्या घरात छप्पन साली बौद्ध झालो तेव्हापासून असल्या गोष्टींना थारा नाही, आजोबांनी देव नदीत सोडले ते काय कुत्रीच्या रूपानं आई परत यावी म्हणून? मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, आईला मासे आवडत नव्हते. मुंबईहून प्रज्ञेशचा, माझ्या भावाचा, फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "ताई, तुला टोचायची सवय लागलीय, दुसरं काही नाही." मी फोन आपटला. रागावले कारण ते खरं होतं, की ते खरं नव्हतं म्हणून, हे मी तेव्हाही ठरवू शकले नाही. पण एक होतं, संध्याकाळी पाय घराकडे वळायला लागले. कुणाला तरी माझ्या वेळेची गरज होती. एवढ्यावर माणूस जगतं. त्यात लाजायचं काय?

आणि मग बदली. येत्या जूनपासून, लांब अलोऱ्याच्या पुढच्या शाळेवर. राहायचं तिथल्या कॉलनीतल्या एका खोलीत, आणखी दोन शिक्षिकांबरोबर, त्यातल्या एकीला कुत्र्याच्या केसांनी दमा होतो. सकाळी लवकर बाहेर पडायचं ते संध्याकाळी गाडी मिळेल तेव्हा परत. इंजेक्शनाची वेळ एसटीच्या वेळेवर चालत नाही. मी खारीसाठी घर शोधायला लागले. फोटो पाहून पुष्कळ जणांना पाझर फुटला. किती गोड, असं म्हणाले. गोड आहेच, मी म्हणायचे, तोच तिचा आजार आहे. रोज दोनदा सुई म्हटलं की पाझर आटायचा. शेवटी शमिकाचा फोन आला. ती देवरुखात एका हॉस्पिटलात नर्स. नवरा दीपक मुंबईला, घरी ती आणि सासू. त्यांची कुत्री बिबट्यानं अंगणातून उचलून नेली होती. "आई दिवसभर एकट्या असतात. दारात काहीतरी हलतं हवं, असं म्हणतात. रात्री घरातच घेऊ आम्ही हिला." मी तिची अशी परीक्षा घेतली की स्कॉलरशिपलासुद्धा एवढे प्रश्न नसतात. सुई कुठल्या मापाची, बाटली कुठे ठेवणार, कानाच्या कडेला टोचून रक्त कसं घेणार. सगळी उत्तरं बरोबर. एकच गोष्ट मी विचारली नाही आणि तिनंही विचारली नाही. पण माझं आडनाव तिच्या मोबाइलवर दिसत होतं आणि तिचं माझ्या. आडनावं आपापलं काम गुपचूप करत असतात.

आज आमच्या आळीतल्या रावजीची ओमनी भाड्यानं केली. खारी माझ्या पायाशी, बाटली बर्फ घातलेल्या थर्मासात. मे महिन्याचं ऊन, खिडकीतून आत येणारी झळ, रावजीनं लावलेली गाणी. हातखंब्याला थांबून मी खारीला पाणी पाजलं आणि थर्मास उघडून पाहिला. बर्फ होता. होता ना? की झाकण उघडलं तेव्हा आत नुसतं पाणी हललं? मला बर्फाचा आवाज आठवतो, पण तो आईच्या कपाळावर ठेवायला बर्फ फोडायचे तेव्हाचाही असेल. माझ्या डोक्यात हल्ली दोन जणींचे आवाज एकमेकींत मिसळलेत. स्वयंपाकघरात फेऱ्या मारत मी हे सगळं उलट-सुलट करत होते आणि मनाच्या तळाशी, खोटं कशाला बोलू, एक छोटासा आनंद होता. काहीतरी चुकलं म्हणजे खारीला परत आणता येईल. रावजीला आत्ता फोन करता येईल. बदलीचं काय ते बघू, रजा टाकू, दमेकरीण बाईला दुसरी खोली बघू. चूक माझी असली तरी चालेल, त्यांची असली तर उत्तमच. आणि त्यांची असावी असं मला का वाटतंय, हे शोधायला गेले तर मी थेट त्या अंगणात जाऊन उभी राहिले.

अंगण सारवलेलं होतं. पुढे पडवी, तिच्यावर कौलं, कडेला फणसाची सावली. हौसाबाई, म्हणजे शमिकाची सासू, पायरीवर वाट बघत होत्या. ठेंगणी, काटक बाई, नाकात मोरणी. शमिका ड्यूटीवर होती, चारला येणार होती. "येवा, बाई, येवा. उनातनं आलाव. बसा हितं." त्यांनी सावलीत प्लास्टिकची खुर्ची मांडली. अंगणात. पडवीत नाही. मी बसले. सावली अंगणातच चांगली होती, वारंही तिथेच होतं, पडवीत आंब्याच्या पेट्या रचलेल्या होत्या. हे सगळं मला दिसत होतं. दिसत असूनसुद्धा मी खुर्चीपासून पडवीच्या पायरीपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं. माझं वय सेहेचाळीस, मी दोन पदव्या घेतलेली, माझ्या हाताखाली अर्ध्या जिल्ह्याची पोरं शिकली, आणि मी अंतर मोजत बसले! मग हौसाबाई आतून स्टूल घेऊन आल्या, त्यावर त्यांनी पाण्याचा पेला ठेवला आणि बाजूला ताटलीत गुळाचा खडा. चांगला लिंबाएवढा. ठेवला. हातात दिला नाही.

पेला चकचकीत होता, त्यावर नाव कोरलेलं होतं. आपल्याकडे लग्नाकार्यातल्या भांड्यांवर नावं घालतात तसं. मी पेला उचलला आणि पाणी पिता पिता तो बोटांनी फिरवत नाव वाचायला लागले. कमळा, एवढंच होतं. पुढचं घासून गेलेलं. आता या घरात हौसाबाई, शमिका, दीपक. शमिकानं मोबाइलवर पाठवलेल्या पत्त्यात दीपकच्या बापाचं नाव होतं, शिवा. कमळा कोण? एखाद्या शेजारणीचं भांडं चुकून आलेलं? की घरच्या भांड्यांत न मिसळलेला, आल्यागेल्यासाठी निराळा ठेवलेला पेला? आल्यागेल्यासाठी ठेवलेलाच असेल, तर त्यात आल्यागेल्या सगळ्यांसाठी, की आमच्यासाठी? पाणी ओतायला त्यांनी आतून जो तांब्या आणला होता त्यावर काय होतं, ते बघायला मी मान वाकडी केली. पाणी थंडगार होतं. मी घटाघट प्यायले आणि माझं सगळं लक्ष त्या पेल्यात होतं.

आईचं नाव येसूबाई. तिचं माहेर याच बाजूचं, इथून दोन डोंगर पलीकडे. ती लहान असताना तिच्या आईबरोबर गवताचे भारे घेऊन गावातल्या एका घरी जायची. भारा उतरवला की घरातली बाई तांब्यातून उंचावरून पाणी ओतायची, या दोघी ओंजळ धरून प्यायच्या. मग पडवीतून गुळाचा खडा टाकला जायचा. फेकायची नाहीत हां, आई सांगायची, टाकायची, मायेनंच. एकदा तो अंगणात पडला. आई उचलायला वाकली, तर तिच्या आईनं त्या खड्यावर पाय ठेवला. ओंजळ पुसली, पोरीचं बखोट धरलं आणि चालायला लागली. आई ही गोष्ट हसत सांगायची, "माजा पोटात तुटत व्हता गो त्या गुळासाटी!" पण त्यातून तिनं नियम केला होता आणि आम्हा भावंडांना तो दिला होता. "कुनाच्या दारात गेलाव तर पानी प्यावा. तहान काय आपली नि त्यांची येगळी नसते. पन गूळ ठेवावा." पुढे दिवस बदलले, आम्ही रत्नागिरीत आलो, कुणी ओंजळीत पाणी ओतेनासं झालं, तरी आई कुणाकडे गेली की गूळ असो, लाडू असो, ताटलीत तसाच ठेवायची. लोक समजायचे बाईंना साखर आहे. आणि घरी? घरी तांदळाच्या डब्यात तळाशी तिनं ढेप लपवलेली असायची. मी पकडलं की म्हणायची, "साखर बंद केलीस ना? ह्यो गूळ हाय. गुळान काय व्हत नाय."

गुळानं काय होत नाही. मी फेऱ्या मारायची थांबले. पाणी मी प्यायले. पेला रिकामा करून स्टुलावर ठेवला, तेही आठवतं, कारण नाव माझ्याकडे येईल असा ठेवला. त्यानंतर मी हौसाबाईंना सगळं समजावलं. खारी त्यांच्या साडीचा वास घेत होती. "साखर अजिबात नको, हौसाबाई. चहाचा थेंब नको, बिस्किट नको." त्यांनी बोटांवर म्हटलं, "साखर नाय. चाय नाय. बिस्कूट नाय. ध्यानात ऱ्हायल." मग मी खारीच्या डोक्यावरून हात फिरवला, फार नाही, नाहीतर तिथेच बसले असते. ओमनीत बसले, मागे वळून पाहिलं. अंगणात खुर्ची, स्टूल, स्टुलावर पेला आणि ताटली. ताटलीत गूळ. तो मी खाल्ला नव्हता. पेल्याच्या भानगडीत विसरले? की आईनं माझा हात धरला? हात गुळाकडे गेलाच नाही, एवढंच मला सांगता येतं. आणि तो एवढा मोठा खडा, त्या अंगणात, दिवसभर एकट्या असलेल्या बाईजवळ आणि भुकेल्या कुत्रीजवळ मी सोडून आले होते.

मी फोन लावला. शमिकानं पहिल्या रिंगलाच घेतला. "आठवलं, मॅडम? हिचं खाऊन झालं." मी म्हटलं, सासूबाईंना दे. "आईंना?" हो, दे. फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली.

"बोला, बाई."

"हौसाबाई, मी पाणी प्यायले, तेव्हा ताटलीत गूळ होता. तो कुठे गेला?"

"कुठला, तुमचा?" त्यांनी विचारलं. "तो व्हय? तुमी गेलाव नि ही दाराकडं तोंड करून हुबी ऱ्हायली. थरथरत व्हती. आत येयना. म्हटला, नवा घर, नवी मानसा. आता दारात आलेल्याला गूळपानी दिल्याबिगर आत कसा घ्यायचा? तुमचा गूळ तसाच व्हता, तो तिच्याफुडं धरला. सगला खाल्लान, माजा हात पन चाटलान. मग आली की गुमान माज्या मागनं."

मागून शमिकाचा आवाज चढला. "आई! मी विचारलं तेव्हा काही नाही दिलं म्हणालात!"

"तू खायला काय दिला म्हनून इचारलंस. गूळपानी म्हंजे काय खाना? नि साखर नाय दिली मी. बाई साखर नको बोलल्या, गूळ नको नाय बोलल्या." मग पुन्हा माझ्याशी, आवाज एकदम खाली, "बाई, गुळान पन व्हतं काय?"

"होतं, हौसाबाई. गुळानंही होतं." हे मी माझ्या आईला शंभरदा म्हटलं होतं, ओरडून. आज ओरडावंसं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "अगो माजी बाय ती! मी तिला बरा वाटावा म्हनून दिला गो." आणि मला ठाऊक होतं की त्या आता खारीच्या पाठीवरून हात फिरवतायत, कारण आवाज फोनपासून लांब गेला. मी शमिकाला घ्यायला सांगितलं. नेहमीचाच डोस दे, म्हटलं, एक थेंब वाढवू नको, झोपायच्या आधी पुन्हा रक्त बघ, नाही उतरली तर सकाळी आपण डॉक्टरांशी बोलू. "सकाळचं इंजेक्शन?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "आठवत नाही, शमिका. दिलं असेल. म्हणूनच वाढवायचं नाही." एवढं सरळ बोलायला मला मघाशी काय झालं होतं? ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला न्यायची असेल तर..." वाक्य तिथेच राहिलं. मला हवं होतं ते हेच. मघापासून मी याच वाक्याची वाट बघत होते. रावजीचा नंबर मी पाठ म्हणू शकले असते. पण त्यांची चूक शोधायला मी त्या अंगणात गेले, तर ताटलीत माझाच गूळ होता. "नको," मी म्हटलं. "आत घेतलंय ना तिला? राहू दे."

तिनं टोचलं. मला ऐकू आलं, म्हणजे ती "झालं, झालं" म्हणाली तेवढं. फोन ठेवणार इतक्यात हौसाबाईंनी पुन्हा घेतला.

"बाई, एक इचारू? रागावू नका."

"विचारा."

"तुमच्यात देवाचा परसाद घेत नाय, ता मना ठावक हाय. पन ह्यो काय देवाचा नव्हता. कोलापूरचा, दुकानातला. तुमी गेल्याव मी तसाच बघत बसले त्या ताटलीकडं. म्हटला, आमच्या हातचा बाईंना चालला नाय." पलीकडे खारी पाणी पीत होती, लपलप लपलप, ती थांबेचना. "दिसभर माज्या मनात त्येच. खरा सांगा. इसरलाव, का ठेवलाव?"

विसरले, म्हणायला काय हरकत होती? अर्ध्याहून जास्त ते खरंही असेल. दिवसभर त्या त्यांच्या ताटलीकडे बघत होत्या आणि मी माझ्या पेल्याकडे. कमळा कोण, हे मी विचारू शकत होते. विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं, की मी काय बघत होते. आईनं काय सांगितलं असतं, तेही मला कळेना. तिच्या नियमात हा प्रश्नच नव्हता. गूळ ठेवला तर कुणी मागून विचारायला येईल, हे तिच्या कधी मनातही आलं नसणार. फ्रिजचं दार मघापासून उघडंच होतं.

"ठेवला," मी म्हटलं.

पलीकडची लपलप बंद झाली. खारीसुद्धा थांबली. मला वाटलं, गेलं सगळं, आता या फोन ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. मग त्या म्हणाल्या, "माजाच चुकला. मी स्टुलाव ठेवला. हातात द्यायला होवा व्हता." आणि फोन ठेवता ठेवता, "फुडल्या टायमाला येशील ना, तवा हात फुडं कर हां, बाय."